मोहाच्या पाकिटातली बारावी पट्टी

ती पट्टी मला रविवारी दुपारी सापडली. वाचनालयाचे पुस्तक परत करायचे होते म्हणून आतला खुणेचा कागद काढला, तर हाती आली बोटभर रुंदीची, माझ्याच अक्षरातली पट्टी. जळगावच्या एका छापखान्यात मी एकेचाळीस वर्षे प्रुफे वाचली. तेव्हापासूनची सवय, की हाताला लागेल तो कागद पुस्तकात खूण म्हणून घालायचा. बसचे तिकीट, औषधाची चिठ्ठी, एकदा तर विजेचे बिल. त्यावरून घरात दोन दिवस शोधाशोध झाली होती. पण ही पट्टी खुणेसाठी नव्हतीच. ती ऐंशी किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी, करंजपाड्याच्या शाळेत असायला हवी होती.

तिच्यावर लिहिले होते: ‘पाला पेटवण्याआधी झाडाभोवतीची जमीन झाडून मोकळी करतात आणि राख थंड होईपर्यंत तिथून कोणी हलत नाही.’

मी तसाच खुर्चीत बसलो. आदल्याच दिवशी पेपरात एक बातमी होती. चोपडा तालुक्यात करंजपाडा शिवारात वणवा. डोंगराचा एक भाग जळाला. मोहफुले वेचण्यासाठी पाला पेटवल्याने आग लागली असावी असा अंदाज. सहा ओळींची बातमी. वाचताना हळहळलो होतो आणि पान उलटले होते.

करंजपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत योगराज नावाचा तरुण शिक्षक आहे. त्याचे वडील आमच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. दोन वर्षांपूर्वी तो जळगावात मेहरूणला माझ्या घरी आला आणि म्हणाला, मुले वाचतात, पण आपण काय वाचले ते त्यांना कळत नाही. पान वाचून झाल्यावर विचारावे, काय वाचलेस, तर मूल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागते. तुम्ही जन्मभर एकेका शब्दावर थांबून वाचलेत, तर तुम्हीच काही करा. मी नाही म्हणालो. मला मोठ्यांशी नीट बोलता येत नाही, तर मुलांशी काय बोलणार? तो पुन्हा आला, मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा माझ्या बायकोने, प्रमिलाबाईने, स्वयंपाकघरातूनच माझ्या वतीने हो म्हणून टाकले.

मग मी पट्ट्यांची युक्ती काढली. छपाईत कधी कधी ओळी खालीवर होत. प्रत्येक ओळ वेगळी वाचली तर बरोबरच वाटे. मागची-पुढची धरून वाचले तरच कळे की ही इथली नव्हे. तेच काम मुलांना द्यायचे ठरवले. एका झाडाचे वर्ष बारा वाक्यांत लिहायचे. एकेका पट्टीवर एकेक वाक्य, क्रमांक घालायचा नाही. बारा पट्ट्यांचे एक पाकीट आणि त्याभोवती पाच मुले. त्यांनी पट्ट्या वाचायच्या, भांडायचे आणि झाडाचे वर्ष पुठ्ठ्यावर लावायचे. साग केव्हा उघडा पडतो आणि ऐन पावसात कसा फुलतो, अंजनाला भर उन्हाळ्यात पालवी कशी येते, हे ज्याला समजेल त्याचीच पट्टी जागेवर बसेल.

जंगल मला पुस्तकांतूनच ठाऊक. माझे लहानपण असोद्याला केळीच्या बागांत गेले, आणि केळी काही फाल्गुनात पाने गाळून उभी राहत नाही. म्हणून प्रत्येक वाक्य मी आधी पाड्यातल्या फत्तेसिंगला वाचून दाखवत असे. तो ऐकून मान हलवी किंवा हसे. हसला की मी वाक्य बदलत असे.

या पट्ट्यांचे पुढे जे होऊ लागले त्याला मात्र मी तयार नव्हतो. एका पाकिटात मी लिहिले होते की घुबड शेतातले उंदीर खाते. शाळेजवळच्या चिंचेवर एक घुबड बसे आणि पोरे त्याला दगड मारत. ते थांबले. एवढेच नव्हे, घरातल्या म्हाताऱ्यांनी घुबडाला अपशकुनी म्हटले तर पोरे त्यांना टोकू लागली, की शाळेच्या कागदात तसे नाही. योगराज मोठ्या आनंदाने हे सांगत होता. मला मात्र भीती वाटली. माझा शब्द मानून कोणी काही केल्याची मला सवय नव्हती.

आणि आता ही मोहाची पट्टी.

ती पाकिटातून मीच काढली होती. पंधरा दिवसांपूर्वी चोपड्याहून पाड्याकडे जाताना जीपमध्ये मला शंका आली, की ‘राख थंड होईपर्यंत’ बरे की ‘आग विझेपर्यंत’ बरे. आग विझली तरी राखेखाली निखारा राहतो, म्हणून ‘थंड’. पण मुलांना ‘थंड’ म्हटल्यावर ते नीट कळेल का? मी पट्टी काढून हातात धरली, जीप खड्ड्यांतून उडत होती, लिहिणे शक्य नव्हते. शाळेत पोचलो की ठरवू, असे म्हणून ती पुस्तकात घातली. शाळेत पोचताच मुलांनी गराडा घातला. पाकिटे वाटली गेली. पुठ्ठे अर्धे झाले तोवर परतीच्या जीपची वेळ झाली आणि योगराज म्हणाला, बाकीचे उद्या करून घेतो. एका शब्दावर संशय घेत बसलो आणि सबंध वाक्यच घरी घेऊन आलो.

मोहाचे पाकीट फत्तेसिंगच्या मुलीच्या, रेशमाच्या गटाकडे होते. ती चौथीत आहे. तिनेच मला सांगितले होते, की मोहाच्या दिवसांत ती रोज उजाडायच्या आत आजीबरोबर फुले वेचायला जाते आणि मग शाळेत येते. त्या गटापुढे अकरा पट्ट्या होत्या. एकीवर होते, ‘फुले दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा वाळलेला पाला पेटवतात.’ तिच्या पुढची होती, ‘दुसऱ्या दिवशी पहाटे काळ्या जमिनीवर फुले पडलेली दिसतात.’ मध्ये काही नाही. शाळेच्या कागदाने सांगितले, पेटवा आणि सकाळी फुले वेचा.

मी योगराजला फोन लावला. करंजपाड्यात शाळेमागच्या टेकाडावर चढल्याशिवाय फोन लागत नाही, हे मला ठाऊक होते, तरी सहा वेळा लावला. प्रमिलाबाई धान्य निवडत होती. तिने विचारले म्हणून मी सगळे सांगितले. ती धुळ्याकडची, घरात अजून अहिराणीच बोलते.

“बठ्ठं जंगल तुमीच पेटाडं का?” ती म्हणाली.

मी म्हणालो, सगळे जंगल मीच पेटवले असेल तर काय करू? त्यावर तिने धान्याचे ताट बाजूला सारले. मग म्हणाली, “इतली काळजी शे तं जाई या ना. आठे बशीसन काय व्हनार शे?”

रात्री मी डबा मागितला नाही, तरी सकाळी तो भरलेला होता.

सोमवारी पहिल्या बसने निघालो. पट्टी सदऱ्याच्या खिशात होती. काय बोलायचे ते बसमध्ये तीनदा मनात लिहिले आणि तीनदा खोडले. चूक मान्य करणे मला अवघड नाही. छापखान्यात तर शुद्धिपत्रच मी लिहीत असे. पण शुद्धिपत्रात डोंगर पुन्हा हिरवा करता येत नाही. आणि पोलीस किंवा जंगलखात्याची माणसे फत्तेसिंगच्या घरी आली असतील तर? त्या मुलीने विचारले, आबा, तुमच्या कागदात तर तसेच होते, तर?

चोपड्यानंतर जीपमधून डोंगर दिसू लागले. साग काड्यांसारखे उभे होते. मधूनच एखाद्या कुसुंबाची लाल पालवी पेटल्यासारखी दिसे आणि मी नजर दुसरीकडे वळवी. मग खरोखरची जळालेली उतरण आली. घाटरस्त्यापासून खाली पसरत गेलेला काळा पट्टा होता, चार दिवसांनंतरही जीपमध्ये जळका वास आला. बाजूच्या माणसाला विचारावेसे वाटले, की आग कुठून लागली. विचारले नाही. चोपड्यापासून पाड्यापर्यंतच्या दीड तासात मी त्याला फक्त वेळ विचारली, आणि माझ्या हातात घड्याळ होते.

पाड्यात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. सकाळची शाळा सुटली होती. फत्तेसिंग घरापुढच्या मांडवात दोरी वळत बसला होता. अंगणात मोहफुले वाळत घातलेली, त्यांचा गोड, जड वास पसरलेला. त्याने खाट पुढे केली, पाणी दिले. योगराज सर केंद्रशाळेच्या बैठकीला गेल्याचे सांगितले. मी उन्हाची चौकशी केली. बैलांची केली. त्याच्या आईच्या गुडघ्याची केली. त्याने प्रत्येकाचे नीट उत्तर दिले आणि मग तो माझ्याकडे पाहत राहिला. दुपारच्या उन्हात जळगावहून कोणी बैलांची चौकशी करायला येत नाही, हे त्यालाही कळत होते.

तेवढ्यात रेशमा आली. डोक्यावर टोपली, आणि पावले घोट्यापर्यंत काळी.

त्या पावलांकडे मी पाहतच राहिलो. मी कसेबसे म्हणालो, शाळेतले पुठ्ठे पाहायचे होते. शाळेची किल्ली त्यांच्याच घरी असते. तिने टोपली उतरवली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि माझ्या पुढे चालू लागली. मी मागून तिच्या टाचा पाहत गेलो.

पाच पुठ्ठे भिंतीवर ओळीने टांगले होते. मोहाचा मधला. मी चष्मा पुसला आणि वरून वाचायला सुरुवात केली, सवयीने, प्रत्येक पट्टीवर बोट ठेवत. पाने पिवळी होतात. पाने गळतात. फांद्या उघड्या पडतात. शेंड्यांना कळ्यांचे झुबके येतात. फुले दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा वाळलेला पाला पेटवतात.

आणि तिथे बोट थांबले. त्याच्याखाली वहीचा कागद फाडून केलेली एक पट्टी होती. पेन्सिलीने लिहिलेली, तीन ओळींत कशीबशी बसवलेली.

‘आजी आधी खराट्याने झाडते. पेटवलं तर तिथेच बसते. मग राखेवर पाणी शिंपडते. चर्र झालं तर अजून बसते.’

मी ती दोनदा वाचली. मग खालची वाचली, दुसऱ्या दिवशी पहाटेची, आणि पुन्हा वर आलो.

“हे कोणी लिहिलं?”

“आम्हीच,” रेशमा म्हणाली. तिला वाटले मी रागावलो आहे. म्हणून तिने सगळे घडाघडा सांगितले. मी गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्ट्या लावल्या. बाकीच्या गटांच्या लागल्या, यांची लागेना. तिच्या गटातला गोपाल म्हणत होता, लागली आहे, चिकटवून टाकू. ही चिकटवू देईना. गोपाल तिला म्हणाला, तू सरांपेक्षा हुशार झालीस का. मग सरांनी विचारले, काय अडले?

“मी सरांना म्हटलं, एका पट्टीत आग लावली. पुढच्या पट्टीत उजाडलं. मधे रातभर आग काय करत होती?”

सरांना वाटले पट्टी खाली पडली असेल. सगळ्यांनी मिळून वर्ग झाडला, केराची टोपली उपडी केली. मग सर म्हणाले, आबा विसरणारे नाहीत, त्यांनी मुद्दामच ही जागा रिकामी ठेवली असेल. तिथे काय हवे ते तुम्हीच शोधा. म्हणून त्या दिवशी पाचही जण घरी जाऊन आजीला विचारून आले.

मी बाकावर बसलो. ते बाक पहिलीतल्या मुलांचे होते, गुडघे हनुवटीला लागले. योगराजने माझ्यावर टाकलेल्या विश्वासाची मला लाज वाटली. पण ती लाज दुसऱ्याच जातीची होती, बसमध्ये सोबत आणलेली नव्हती.

तरी खरा प्रश्न अजून विचारायचाच होता. फत्तेसिंग आमच्या मागून येऊन दारात टेकला होता. मी त्याच्याकडे न पाहता, भिंतीकडे बघूनच विचारले.

“फत्तेसिंग, ही डोंगराची आग कशी लागली?”

“वरून आली,” तो म्हणाला. “घाटरस्त्याकडून. गुरुवारी दुपारी. कोणी बिडी फेकली का काय केलं, देव जाणे. दुपारी महूच्या झाडाखाली कोण पेटवतं, आबा? वारा असतो.”

मी म्हणालो, पेपरात तर मोहफुलांसाठी पेटवल्याचे आले होते.

“पेपरवाला इथे आला होता का?” तो म्हणाला. मग जरा शांतपणे त्याने सांगितले, की जंगलखात्याचे लोक आले होते, त्यांनी वरपासून पाहिले आणि रस्त्याकडूनच आग आल्याचे लिहून नेले. पाड्यातली झाडून सगळी माणसे हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला गेली होती. आग खाली उतरत मोहाच्या झाडांपर्यंत आली आणि तिथे तिला खायला काही सापडले नाही. यंदा कोणी पाला पेटवलाच नव्हता. खराट्याने झाडून झाडांखालची जमीन अंगणासारखी करून ठेवली होती.

“ही रोज तो कागद म्हणून दाखवायची,” त्याने रेशमाकडे हनुवटी केली. “आई म्हणाली, साठ वर्षं मी हेच करते तर कोणी ऐकलं नाही. आता शाळेच्या भिंतीवर लागलं, म्हणजे खरं झालं. मग सगळ्याच बाया म्हणाल्या, पेटवून राखण करत कोण बसेल, झाडूनच घेऊ.”

“आणि हिचे पाय?” मी विचारले.

त्याने पायांकडे पाहिले, जणू आत्ताच दिसले. “आमची दोन झाडं जळाल्या रानाच्या पलीकडे आहेत. तिथूनच जावं लागतं.”

मला हसू आले. ते कुठून आले कळेना, आणि थांबवता येईना. मी तोंडावर रुमाल धरला. फत्तेसिंग आधी चमकला, मग तोही हसू लागला. का, ते त्यालाही ठाऊक नसावे. कालपासून छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी सहज उचलून बाजूला ठेवावा तसे वाटत होते.

मग मी खिशातली पट्टी काढली. योगराजचा समज तसाच राहू दिला असता तर कोणाचे काही बिघडले नसते. एकदा तसे मनातही आले. पण प्रूफ वाचणाऱ्याने स्वतःची चूक लपवली तर तो दुसऱ्याच्या काय काढणार? मी रेशमाला सांगितले, की मी मुद्दाम काही ठेवले नव्हते. ही पट्टी पुस्तकात घालून विसरलो होतो.

तिने पट्टी हातात घेतली. घाई केली नाही. ओळीखाली बोट सरकवत एकदा मनात वाचली, एकदा ओठ हलवत. मग भिंतीवरच्या पट्टीकडे पाहिले, पुन्हा हातातल्या.

“यात आजी नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“आणि राख थंड झाली ते कसं कळतं, ते पण नाही.”

“तेही नाही,” मी म्हणालो. “मला ठाऊक नव्हतं.”

तिने मान डोलावली, रागावून नव्हे. गोपालच्या चुका ती अशाच मान डोलावून मान्य करत असेल. मग विचारले, आमची काढून तुमची लावायची का? मी म्हणालो, मुळीच नाही. तिने माझी पट्टी उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी होती. ती घेऊ का, म्हणून विचारले. टेंभुर्णीच्या, म्हणजे तेंदूच्या पुठ्ठ्यावरही एक गोष्ट राहिली आहे, तेंदूची पाने तोडायला जाताना अस्वल दिसले तर काय करायचे ती. हेमलताच्या गटाच्या ते लक्षातच आले नाही. मी घे म्हणालो. तिने पट्टी परकराच्या कमरेत खोचली आणि कुलूप लावायला वळली.

त्यांच्या घरी मी डबा उघडला आणि पोटभर जेवलो. कालपासून पहिल्यांदाच भूक लागली होती. रेशमाच्या आजीने निघताना कापडी पिशवीत ताजी मोहफुले घातली. मी तिला सांगण्याचा प्रयत्न केला, की तुमचे वाक्य माझ्यापेक्षा चांगले आहे. तिला माझे मराठी फारसे कळले नाही. ती म्हणाली ते मला कळले नाही. फत्तेसिंगने मधे पडून सांगितले, की फुले आजच खा, उद्या आंबतील.

चोपड्याहून जळगावच्या बसला गर्दी नव्हती. खिडकीशी बसलो. पिशवी मांडीवर. उन्हाने फुले तापली आणि दारूसारखा वास सगळ्या बसमध्ये पसरला. पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून पाहिले आणि पदर नाकाला लावला. कंडक्टर तिकिटे फाडत माझ्यापर्यंत आला, थांबला आणि त्याने वाकून वास घेतला.

“आबा,” तो हळूच म्हणाला, “या वयमा?”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी पुढच्या थांब्यावर उतरून गेलो असतो. त्या दिवशी मी पिशवीचे तोंड उघडून त्याच्यापुढे धरले. त्याने आत पाहिले, दोन फुले उचलून तोंडात टाकली आणि चघळत विचारले, कुठली? मी त्याला करंजपाड्याचा रस्ता सांगितला. मग मोहाची झाडे सांगितली, खराटा सांगितला आणि त्या पोरीचा प्रश्नही सांगितला. तो बाकाच्या पाठीला टेकून ऐकत उभा राहिला. तापीचा पूल आला आणि गेला, तरी मी बोलतच होतो.